येझदी: मालक एक, हिस्सेदार अनेक

कोकणातल्या धामापूरच्या आमच्या घराच्या पडवीत एक येझदी उभी असते. टू-स्ट्रोक, अडीचशे सीसी, दोन सायलेन्सर. तरुणपणी कोल्हापूरहून जुनीच विकत घेतली होती. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की माणसं हटकून हळवी होतात, मीही होतो. पण हल्ली त्या हळवेपणाचा जरा हिशेब मांडावासा वाटतो. वजाबाकी करून हाती उरलं ते असं:

१. मोटारसायकल येणं वेगळं आणि येझदी येणं वेगळं. हिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच, तोही डाव्या बाजूला. तो आत दाबून वर फिरवला की किक होते. इंजिन सुरू झालं की तोच दांडा खाली आणायचा, म्हणजे झाला गिअर. त्याआधी कार्बोरेटरवरचं टिकलर दाबायचं आणि बोटाला पेट्रोलचा ओलावा लागेपर्यंत थांबायचं. गावात गाडी मागायला कुणाला संकोच नसतो. "चौक्याक जावन येतंय, गाडी दी" म्हटलं की मी ताबडतोब चावी काढून देत असे. दहा मिनिटांनी तो गृहस्थ घामाघूम होऊन चावी परत करायला यायचा. त्याला किकच सापडलेली नसायची. उदार माणूस म्हणून वाडीत माझं जे नाव झालं, त्यात माझा वाटा किती आणि त्या दांड्याचा किती, हे मी कधी उघड केलं नाही.

२. ज्याला आपण छातीठोकपणे 'आपलं' म्हणतो, ते बरंचसं दुसऱ्याचं असतं. येझदीचं मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या जावा गाडीचं. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ती म्हैसूरला बनवायला घेतली, पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. त्या साली आमचा प्रतिस्पर्धीही गेला: यामाहाची आरएक्स हंड्रेड. १९८५ साली आलेली, अठ्ठ्याण्णव सीसीची, अकरा हॉर्सपॉवरची आणि वजनाला हलकी. कुंभारमाठच्या चढावर ती कानाजवळून अशी सण्णकन निघून जायची की मागे फक्त निळा धूर आणि माझा अपमान उरायचा. मग आम्ही येझदीवाले एकमेकांना सांगायचो, "पण आपली दणकट आहे हो." मागे पडलेल्यांना दणकटपणाचं फार महत्त्व वाटतं, हे तेव्हा लक्षात आलं. आता दोन्ही गाड्या एकाच पंगतीतल्या. त्या वेळचे आरएक्सवाले भेटले की आम्ही गळ्यात गळे घालतो आणि पेट्रोलच्या भावाला शिव्या देतो.

३. घाई असलेल्या माणसाचं टू-स्ट्रोकशी जमत नाही. पिस्टनला लागणारं ऑइल इथे पेट्रोलमधूनच जातं, तेव्हा पंपावर नुसतं पेट्रोल भरून भागायचं नाही. लिटरमागे तीस-चाळीस मिलिलिटर ऑइल मोजून टाकायचं. जास्त पडलं तर प्लग काजळी धरतो, कमी पडलं तर पिस्टन अडकतो. ऑइल आधी की पेट्रोल आधी यावर मालवणच्या पंपावर मी भरलेल्या टाकीइतकेच भरलेले वाद ऐकले आहेत. त्यानंतरचा विधी मात्र वादातीत होता. झाकण लावायचं, गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवायचे आणि हँडल धरून ती डावी-उजवीकडे हेलकावायची. आत मिश्रण डुबुक डुबुक वाजायचं. ओळीने उभी असलेली बँकेतली, शाळेतली, पंचायतीतली प्रतिष्ठित माणसं एकाच वेळी कंबर हलवताना मी पाहिली आहेत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आता ऑइलचं पाऊच मागितलं की पंपावरचा मुलगा कपाटामागे शोधतो आणि मी गाडी हलवू लागलो की मोबाइल काढतो.

४. चढाची भीती सगळ्यांना वाटते, पण टू-स्ट्रोकवाल्याने भ्यावं ते उताराला. गाडी घेतली तेव्हा ती गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली आणली. विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पैसे मोजून घेतले आणि शेवटी एवढंच सांगितलं, "उताराला रेस पूर्ण सोडू नका. मधून मधून पिळत राहा." मला वाटलं, शौकीन माणूस दिसतोय. कारण पुढे समजलं. रेस सोडली की पेट्रोल जवळजवळ बंद आणि पेट्रोलबरोबर ऑइलही. घाटात मात्र चाकं इंजिनाला गरागरा फिरवत असतात. म्हणजे पिस्टन सर्वांत जोरात धावतो आणि नेमका तेव्हाच कोरडा पडतो. शिवाय फोर-स्ट्रोकसारखं इंजिन वेग धरूनही ठेवत नाही, सगळी भिस्त ब्रेकांवर. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष मी नुसता झोपाळ्यावर बसून काढलं, तेव्हा ते वाक्य पुष्कळदा आठवलं. तात्पर्य काढत नाही. ज्याचा त्याचा घाट वेगळा असतो.

५. गाडी माझी असली तरी तिचा आवाज माझ्या मालकीचा नव्हता. मोबाइल नव्हते तेव्हा माझी वर्दी येझदी द्यायची. चौक्याकडून येताना रस्ता आमच्या माडा-पोफळींत शिरला की तो 'डुग-डुग' आवाज वाडीभर पोचायचा. आते म्हणायची, "गाडयेचो आवाज इलो तेव्हाच चाय ठेयलंय." मी खळ्यात पाय ठेवेपर्यंत चहा उकळलेला असायचा. वाडीतली एक म्हातारी माझ्या आवाजावर गोळी घ्यायची, कारण मी नोकरीवर निघायची वेळ ठरलेली होती. मी रजेवर असलो की तिची गोळी चुकायची, हे मला फार उशिरा समजलं. याची दुसरी बाजूही होती. दशावतार पाहून पहाटे परतणाऱ्या तरुणाला गुपचूप घरात शिरणं अशक्य. सकाळी वडील रात्री कुठे होतास असं विचारत नसत. विचारायचे ते नाटकाचं नाव.

६. आठवणी पुढच्या सीटवर बसलेल्याच्या असतात. हे ज्ञान मला बायकोने दिलं, तेही पाहुण्यांसमोर. मी रंगात येऊन सांगत होतो: पावसाळ्यानंतरचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिकलेलं भात, इंजिनाचा ठेका. ती म्हणाली, "तुम्हांला इंजिन आठवतं, मला सायलेन्सर." तेव्हाच्या बहुतेक गाड्यांना सायलेन्सर एकच आणि तो उजवीकडे. साडी नेसून एका अंगाला बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे, म्हणजे सुरक्षित. येझदीला दोन. मी ज्याला 'डबल सायलेन्सरची शान' म्हणत असे, त्यातलं डावीकडचं अर्धं तिच्या पोटरीजवळ तापत असायचं. लग्नकार्याला पोचल्यावर मी गाडी स्टँडला लावून चौफेर पाहून घ्यायचो, कोण कोण आपली गाडी बघतंय ते. ती तेवढ्या वेळात काठावर उडालेले ऑइलचे काळे ठिपके निऱ्यांत दडवत असायची. आम्ही दोघं एकाच गाडीवरून हिंडलो, पण प्रवास दोन झाले.

७. हळवं होणं ही चैन आहे. आमच्याकडे मासे घेऊन येणारा एम-एटी चालवायचा. तीही टू-स्ट्रोकच. मागे बांधलेला खोका, त्यातून ठिबकणारं बर्फाचं पाणी आणि खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला मडगार्ड. बंदरावर लिलाव आटोपला की तो बांगडे घेऊन निघायचा आणि ऊन चढायच्या आत गावोगाव पोचायचा. माझी येझदी महिन्यात जेवढी हिंडायची, तेवढी त्याची गाडी आठवड्यात राबत असावी. पुढे त्याने ती विकून फोर-स्ट्रोक घेतली. मी चुकचुकलो, "जुनी गाडी दिलंस?" तो सुरी पुसत म्हणाला, "ही लिटराक दुप्पट जाता." एवढंच. त्याच्या बोलण्यात हुरहूर शोधत मी बांगडे घेईपर्यंत थांबलो. ती नव्हती. गाडी मला रविवारी सुख द्यायची आणि त्याला रोज भात, हा फरक होता.

८. ज्या वासावर मी भाळलो, तो न जळलेल्या पेट्रोलचा होता आणि त्या पेट्रोलचे पैसे मीच मोजले होते. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारं उघडतो आणि झाकतो. जळलेला धूर बाहेर हाकलायचं काम आत येणाऱ्या ताज्या मिश्रणालाच करावं लागतं आणि त्या ढकलाढकलीत ताज्यातलंही थोडं धुराबरोबर पसार होतं. वर ऑइल जळतं ते वेगळंच. प्रदूषणाचे नियम २००० सालापासून कडक झाले तसं या इंजिनाचं चंबूगबाळं आवरलं. मला तेव्हा राग आला होता. मग एकदा धामापूरच्या तलावाकाठी, भगवतीच्या देवळाजवळ, गाडी सुरू केली. हा तलाव १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला. पाच शतकं होत आली तरी त्याचं पाणी शेता-बागायतींना मिळतं आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पहाटेची वेळ, वारा पडलेला. माझा निळा धूर पाण्यावर गेला आणि जागचा हलेना. फिरायला आलेल्या एका लहान मुलीने नाक धरलं आणि आईला विचारलं, "गाडी जळता काय गो?" त्या मुलीच्या नाकाला इतिहास नव्हता, म्हणून तिला खरा वास आला. तेव्हापासून तलावाकडे मी चालत जातो.

९. जुन्या गाडीचा खरा जाणकार तिच्यावर प्रेम करेलच असं नाही. कुडाळला आमचे एक मेस्त्री आहेत. हातात पाना घेण्याआधी ते डोळे मिटून इंजिन ऐकतात. "कार्बन धरल्यान," म्हणतात आणि सायलेन्सर खोलतात. आतली नळी नारळाच्या सोडणांच्या जाळावर तापवायची, लाल झाली की ठोकून काजळी झाडायची. पिस्टनच्या डोक्यावरचं काळं पुट खरवडून काढायचं. मग इंजिन असं मोकळं बोलतं की सर्दी उतरल्यासारखं वाटावं. त्यांच्याएवढं टू-स्ट्रोक कळलेला माणूस मी पाहिला नाही. मला वाटायचं, हेच माझे खरे सहधर्मी. एके दिवशी ते विजेच्या स्कूटरवरून आले, आवाज नाही, धूर नाही. माझा चेहरा पाहून म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचे किकी मारलंय. आता कंबर नाय." मी यावर काय बोलणार! ते आजही माझी गाडी नीट करतात, वर पैसेही कमी घेतात. पण माझ्यासारखे डोळे मात्र पाणावत नाहीत.

१०. कागद एकच नाव सांगतो. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नोंदणीपुस्तक दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. चॅसी नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे पांढरे उमटतात. त्या कागदाखाली मालक म्हणून सही माझी. २०१८ ला जावा आणि २०२२ ला येझदी नव्याने बाजारात आल्या, फोर-स्ट्रोक होऊन. पुतण्याने एक घेतली, मला चालवायला दिली. बटण दाबलं, सुरू झाली, ब्रेक मारला, थांबली. खोट काढायला जागा नव्हती, याचंच मला वाईट वाटलं. त्याच सुमारास पुण्याहून एक हौशी गृहस्थ आले आणि माझ्या जुन्या येझदीला असा भाव सांगितला की मी दोनदा विचारून घेतला. गाडी पडवीतच जास्त असते, तिच्यामुळे कुणाचं अडत नाही, तेव्हा द्यावी असं मनात आलं. पण आमच्या कोकणात जमीन कसणारा एक असला तरी सातबारा सामाईक असतो आणि विकायची म्हटली की हिस्सेदार उगवतात. येझदीचंही तेच झालं. आते म्हणाली, "विकल्यार तू इलंस ता माका कळतला कसा?" मेस्त्री म्हणाले, पुण्यात हिचे नखरे कोण ऐकणार. पुतण्याला दिवाळीत फोटो काढायला जुनी हवी होती. शेवटी आशेने बायकोकडे पाहिलं. सगळ्यात जास्त सोसलं होतं तिने, तेव्हा ती तरी आनंदाने हो म्हणेल असा माझा अंदाज होता. तिने पाहुण्यांना चहा दिला, त्यांचा आकडा पुन्हा एकदा ऐकला आणि म्हणाली, "आधी माझ्या साड्यांचा हिशेब होऊ दे, मग बघू." तो हिशेब अजून चालू आहे.