चिकित्सेचा तिसरा पाद : दीर्घकालीन व्याधी आणि आशा स्वयंसेविकांचे प्रशिक्षण

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह व शुचिता हे परिचारकाचे गुण होत. प्रमेह, उच्च रक्तदाब अशा व्याधींत हाच पाद दुबळा पडतो. शेलूबाजारसारख्या मंगरूळपीर तालुक्यातील बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतून आलेला रुग्ण वैद्यापुढे काही मिनिटे बसतो. उरलेला महिना तो घरीच असतो. बरे वाटताच औषध सुटते. याप्य व्याधी तर उपचार चालू असेतोवरच आटोक्यात राहते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका गावोगावी आल्या. त्या आज ३० वर्षे व त्यावरील व्यक्तींचा जोखीम-तक्ता भरतात. वय, तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम व कुटुंबातील व्याधी यांचे गुण ४ पेक्षा अधिक भरल्यास त्या व्यक्तीची तपासणी अग्रक्रमाने करावयाची असते.

व्याधीचे निदान झाल्यावरच्या कामासाठी आशाताईंना तीन गोष्टी शिकवाव्यात, असे आम्हांस वाटते.

१) मोजमाप : रक्तदाब पाहण्यापूर्वी ५ मिनिटे विश्रांती द्यावी, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. १४०/९० किंवा अधिक नोंद आल्यास पुन्हा मोजून वैद्याकडे पाठवावे. एका नोंदीवरून निदान करू नये.

२) धोक्याची लक्षणे : मधुमेहाचे औषध घेणाऱ्यास घाम, थरथर, भोवळ आल्यास, तो शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छातीतील वेदना, एकाएकी तोंड वाकडे होणे यांतही विलंब नको. पायाची जखम दर भेटीत पाहावी.

३) सातत्य : औषध संपण्यापूर्वीच घरी भेट द्यावी. मात्रा बदलणे हे तिचे काम नव्हे.

यात आपलीही जबाबदारी आहे. आपले औषध सुरू करताना रुग्णाचे चालू औषध परस्पर बंद करण्यास आपण सांगितले, तर आशाताईंचे वर्षभराचे श्रम वाया जातील आणि रुग्णाच्या जिवावर बेतेल. दोन्ही पद्धतींची औषधे एकाच वहीत लिहावीत. औषधविक्रेत्या बंधूंनी महिन्याचे औषध न्यावयास न आलेल्या रुग्णाची आठवण, त्याची पूर्वसंमती असल्यास, आशाताईंना द्यावी. एवढे केले तरी तिसरा पाद सबळ होईल.