कोल्हापूर ते नागपूर : आकाशमार्गाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

कोल्हापूर हे राज्याच्या दक्षिण टोकाजवळचे, तर नागपूर ईशान्येकडील शहर. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरास भरत असल्याने या दोन शहरांमधील प्रवासाचा विचार लोकप्रतिनिधींना व अधिकाऱ्यांना करावाच लागतो. पुणे, मनमाड, भुसावळमार्गे रेल्वेने हे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर भरते व एक अहोरात्र प्रवासात जाते. आकाशमार्गाने ते किती असेल?

अंतर कसे काढावे?

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश व ७४ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव येथील विमानतळ २१ अंश ६ मिनिटे उत्तर अक्षांश व ७९ अंश ३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांश मात्र ध्रुवाकडे जवळ येत जातात; आपल्या १९ अंश अक्षांशाच्या आसपास एका अंशाचे अंतर १०५ किलोमीटर भरते. या हिशेबाने नागपूर कोल्हापूरच्या उत्तरेस ४९२ आणि पूर्वेस ५०० किलोमीटर आहे. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने कर्ण येतो सुमारे ७०० किलोमीटर. हेच सरळ हवाई अंतर होय.

मुंबईस विमान बदलून गेल्यास मात्र ३१० आणि ६८० मिळून ९९० किलोमीटर उडावे लागते. शिवाय दुसऱ्या विमानाची प्रतीक्षा वेगळीच.

वेळेचा हिशेब

पंख्याच्या लहान प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर धरल्यास ७०० किलोमीटरांस १ तास २४ मिनिटे लागतात. तथापि धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे व उतरणे यांत वेग कमी असतो. त्यासाठी २५ मिनिटे वाढविली की थेट उड्डाणास पावणेदोन तासांहून थोडा अधिक अवधी धरावा लागेल.

वाऱ्याचाही परिणाम होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीमागून असल्यास ८४ मिनिटांचे उड्डाण ७६ मिनिटांत होते. समोरून असल्यास ९३ मिनिटे लागतात. जाता-येता मिळून १६८ ऐवजी सुमारे १७० मिनिटे होतात. म्हणजे जाताना वाचलेला वेळ येताना पुरता फिटत नाही, उलट थोडा अधिकच खर्च होतो.

नियोजनातील महत्त्व

प्रवाशाचा वेळ विमानतळावर संपत नाही. घरापासून विमानतळ, तपासणी, सामान आणि तेथून कार्यालय यांस तीन तास धरल्यास एकूण प्रवास पाच तासांच्या घरात जातो. प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय सुमारे चार तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात बसवावे लागते. अशा प्रसंगी आकाशातील मिनिटांइतकेच जमिनीवरील प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते. म्हणूनच विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवणे हाही हवाई वाहतुकीचाच एक भाग मानावयास हवा.

शिक्षकांनी हे उदाहरण नकाशावाचनाच्या तासाला अवश्य घ्यावे. विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापासून नागपूरचे अंतर याच रीतीने काढल्यास भूगोल व गणित यांचे नाते त्यांना सहज उमगेल. ग्रामपंचायतींनीही दूरच्या कामाचे वेळापत्रक ठरविताना अंतराबरोबरच असा संपूर्ण वेळ मोजण्याची सवय लावून घ्यावी.