जिवाणूंकडून आहारतंतू : वनस्पतींच्या विकरांचा नवा उपयोग

आहारातील तंतुमय पदार्थांना आजच्या पोषणशास्त्रात महत्त्वाचे स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने अन्नातून दररोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू घेणे इष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज व्यक्त झाला. त्यामुळे साखरेपासूनच आहारतंतू घडविणाऱ्या जैवतंत्रज्ञानाकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. ‘इन्युलिन’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

इन्युलिनचे स्वरूप

इन्युलिन व इन्सुलिन यांत विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये. इन्सुलिन हे संप्रेरक असून ते प्रथिन आहे. इन्युलिन ही फ्रुक्टोज रेणूंची साखळी असून ते कर्बोदक आहे. कांदा, लसूण, गहू यांत ते अल्प प्रमाणात, तर चिकोरीच्या मुळांत विपुल असते. मानवी पाचक विकर, म्हणजेच एन्झाइम, ही साखळी तोडू शकत नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोहोचते व तेथील बायफिडोबॅक्टेरियासारख्या उपकारक जिवाणूंचे अन्न बनते. त्यांच्या किण्वनातून लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. साखरेपासून प्रतिग्रॅम सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर इन्युलिनपासून सुमारे १.५ किलोकॅलरी.

दोन विकरांची जोडी

वनस्पतीत हे कार्य दोन टप्प्यांत चालते. पहिला विकर सुक्रोजच्या एका रेणूतील फ्रुक्टोज दुसऱ्या सुक्रोजला जोडतो. त्यातून केस्टोज ही त्रिशर्करा तयार होते व ग्लुकोज मुक्त होते. दुसरा विकर फ्रुक्टोजचे एकक एका साखळीवरून दुसरीवर नेऊन तिची लांबी वाढवितो. काही जिवाणू एकाच विकराच्या साहाय्याने इन्युलिन बनवितात. परंतु त्यांची साखळी बहुधा हजारो एककांची असते. वनस्पतीतील साखळी सामान्यतः काही दशके एककांची असते. अन्नोद्योगाला अशाच मर्यादित लांबीच्या साखळ्या हव्या असल्याने वनस्पतींच्या विकरांना महत्त्व आहे.

या विकरांची जनुके अन्य सजीवांत कार्य करतात, हे सिद्ध झाले आहे. २००० मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी आर्टिचोकची दोन्ही जनुके बटाट्यात घातली, तेव्हा कंदाच्या शुष्क वजनाच्या सुमारे ५ टक्के इन्युलिन तयार झाले. मात्र स्टार्चचे प्रमाण घटले.

जिवाणूच का?

पिकाला हंगाम, जमीन व पाणी लागते. जिवाणू किण्वनटाकीत अल्पावधीत वाढतात. शिवाय ३० फ्रुक्टोजची एक साखळी तयार होताना ३० सुक्रोज रेणू खर्ची पडतात व २९ ग्लुकोज रेणू मुक्त होतात. जिवाणू या ग्लुकोजचा उपयोग स्वतःच्या वाढीसाठी करू शकतात. भारतासारख्या ऊसउत्पादक देशात कच्च्या मालाचीही वाण नाही.

तथापि अडचणी आहेत. वनस्पतींचे हे विकर रिक्तिकेच्या आम्लधर्मी वातावरणात कार्य करतात व त्यांच्यावर शर्करेच्या शाखा जोडलेल्या असतात. ई. कोलाय हा जिवाणू स्वभावतः अशा शाखा जोडत नाही. परकी प्रथिने त्यात अनेकदा नीट न घडता निष्क्रिय गोळ्यांच्या रूपात साचतात. ई. कोलायच्या प्रयोगशाळेतील प्रचलित के-१२ वाणाला सुक्रोज वापरता येत नाही. म्हणून योग्य जिवाणूची निवड, जनुकाची पुनर्रचना व उत्पादनाचे शुद्धीकरण या बाबी निर्णायक ठरतात.

धोरणात्मक संदर्भ

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘बायोई३’ धोरणात कार्यात्मक खाद्यपदार्थांचा समावेश आहे. जनुकीय बदल केलेल्या अन्नाचे नियमन अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कक्षेत येते.

टाकीत तयार झालेला तंतू हा पूरक घटक होय. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या व फळे यांतून तंतूंबरोबर जीवनसत्त्वे व खनिजेही मिळतात. ती एकट्या इन्युलिनमधून मिळत नाहीत. विज्ञानाची ही झेप स्वागतार्ह आहे. परंतु पोषणाचा पाया रोजच्या ताटातच राहील.