बिलाचा संगणक सर्व्हरला जोडत नाही, तेव्हा काय पाहावे?

आज अनेक पेढ्यांचा हिशेब एकाच संगणकात साठवलेला असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. दुकान व गुदामातील बाकीचे संगणक त्याला जोडूनच बिले काढतात. ऐन सीझनमध्ये ही जोडणी तुटली की गिऱ्हाईक खोळंबते आणि घाईघाईने कोणीतरी प्रोग्राम नव्याने टाकायला बसतो. त्यात हिशेबच पुसला जाण्याचा धोका आहे. मागावर धागा तुटला तर विणकर माग खोलत नाही, धागा कुठे तुटला ते शोधतो. येथेही तेच करावे.

मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस’ या विनामूल्य डेटाबेसचे उदाहरण घेऊ.

१) पडद्यावरचा मजकूर वाचा. १८४५६ हा क्रमांक दिसला तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचला आहात. अडचण नाव, पासवर्ड किंवा परवानगीची आहे. तारा तपासण्यात वेळ घालवू नका. २६ क्रमांक असेल तर सर्व्हरचा ठावठिकाणाच लागलेला नाही.

२) एक अडला की सगळे? एकच संगणक अडला तर आधी त्याची तार व मांडणी पाहा. सगळेच अडले तर सर्व्हरवरील ‘सर्व्हिसेस’च्या यादीत एसक्यूएल सर्व्हर चालू आहे का ते पाहा.

३) पत्ता तपासा. वीज जाऊन आली की राउटर सर्व्हरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो. बाकीचे संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत राहतात. म्हणून सर्व्हरचा पत्ता कायमचा करून घ्या. ‘पिंग’ला उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे. उत्तर न आल्यास मात्र तार तुटलीच असे समजू नका, कारण फायरवॉलही पिंग अडवते.

४) दरवाजा तपासा. एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट १४३३ आहे. एक्सप्रेसचा पोर्ट बहुधा बदलता असतो व तो ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ ही सेवा यूडीपी १४३४ वरून सांगते. ती बंद असेल तर वरचा २६ क्रमांक दिसतो. शिवाय एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी सुरुवातीला बंद असते. ते चालू करून सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

५) फायरवॉल सरसकट बंद करू नका. लागणारे पोर्ट फक्त पेढीतल्या जाळ्यापुरते उघडा, इंटरनेटकडे कधीच नाही. जानेवारी २००३ मध्ये ‘स्लॅमर’ नावाचा किडा याच १४३४ पोर्टमधून शिरून जगभरातील किमान ७५ हजार संगणकांत पसरला. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिला होता. अनेकांनी तो बसवलाच नव्हता.

काहीही बदलण्यापूर्वी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. सर्व्हरचे नाव, पत्ता व पोर्ट कागदावर लिहून गल्ल्याजवळ ठेवा. कारागीर बोलवावा लागला तरी तो कागद त्याचा वेळ आणि तुमचा पैसा वाचवील.