नळ, गटार आणि कावीळ

“डॉक्टर, पाणी नळाचे आहे, विहिरीचे नाही. मग उकळायचे कशाला?” हा प्रश्न पावसाळ्यात मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचे अगदीच चुकते असेही नाही. नळाचे पाणी टाकीतून निघते तेव्हा ते बहुधा पिण्यालायक असते. प्रश्न आहे तो टाकीपासून आपल्या माठापर्यंतच्या प्रवासाचा. हा प्रवास किती धोक्याचा असतो हे मी पुस्तकात शिकलो होतो, पण मला ते खरे कळले एका आळीत. आळी आपल्याच भागातली आहे. नाव सांगत नाही, कारण तशा आळ्या महाडात आहेत, पोलादपुरात आहेत आणि बिरवाडीतही असतील.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपतीचे दिवस होते, मुंबईहून चाकरमानी आले होते आणि दवाखान्यात गर्दी होती. एक कॉलेजचा मुलगा आला. भूक नाही, मळमळ, अंगात कणकण, लघवी हळदीसारखी. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, कावीळ स्पष्ट दिसत होती. “बाहेरचे काय खाल्लेस?” पाणीपुरी खाल्ल्याचे त्याने कबूल केले. मला कारण मिळाले आणि मी पुढच्या रुग्णाकडे वळलो. दोन दिवसांनी एक रिक्षावाला आला, तीच तक्रार घेऊन. तोही बाहेर खाणारा. तिसरी शाळकरी मुलगी, तिने जत्रेत सरबत प्यायले होते. तिघांनाही मी “बाहेरचे बंद करा” असे बजावून, विश्रांतीचा सल्ला देऊन घरी पाठवले.

चौथी रुग्ण एक सून होती, सातवा महिना लागलेली. उलट्या होत होत्या आणि डोळे पिवळे होते. सासू सोबत होती. बाहेरचे काय खाल्ले असे विचारल्यावर सासू जवळजवळ रागावलीच. “डॉक्टर, दिवस गेल्यापासून तिला मी उंबऱ्याबाहेरचा घास दिलेला नाही.” तेव्हा कुठे मी केसपेपरवरचा पत्ता पाहिला आणि मग आधीच्या तिघांचेही कागद काढले. चौघे एकाच आळीतले. तीस वर्षांच्या अनुभवाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.

गरोदर बाईची कावीळ हा साधा आजार नव्हे, म्हणून तिला त्याच संध्याकाळी मुंबईला पाठवले. रक्ततपासणीत हेपॅटायटिस ‘ई’ निघाला. हा विषाणू तरुण पुरुषाला महिनाभर थकवतो आणि सोडून देतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याने गाठले तर शंभरांतल्या वीस-पंचवीस बायकांपर्यंत दगावल्याची नोंद आहे. आमची ही मुलगी वाचली. बाळ वाचले नाही.

आता थोडे गणित. हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे गणपतीत दिसलेल्या काविळीचे कारण गणपतीतल्या खाण्यात शोधायचे नसते, ते जुलैच्या पावसात शोधायचे असते. पाणीपुरीवाल्याला मी उगाच दोष दिला होता. (त्याच्या पाण्याची हमी मी अजूनही देणार नाही, पण या वेळी तो निर्दोष होता.)

पुढच्या रविवारी सकाळी नळाच्या वेळेला मी आळीत गेलो. गटाराच्या कडेने नव्हे, चक्क गटारातून सात-आठ घरांच्या नळ्या एकमेकींना बिलगून गेल्या होत्या. काही प्लास्टिकच्या, काही जुन्या लोखंडी. एका लोखंडी नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधली होती. पाणी सुटले तसा त्या पट्टीखालून बारीक फवारा उडू लागला. बायकांना विचारले, पाणी कसे येते? एकीने सहज सांगितले, “पहिली एक-दोन मिनिटं वास मारतं, ते आम्ही सोडून देतो. मग चांगलं येतं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळ्या आळीला ठाऊक होते. डॉक्टरांना सांगण्यासारखी ही गोष्ट आहे, असे मात्र कोणाला वाटले नव्हते.

यात घडते काय ते समजून घ्या. नळाला पाणी असते तोवर आत दाब असतो आणि फटीतून पाणी बाहेर येते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते. उतारावरचे पाणी खाली निघून जाते, आत पोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर काय आहे? गटार. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास येते, म्हणजे उरलेले बावीस तास नळी गटाराचे पाणी प्यायला मोकळी असते. त्यात एखाद्याने नळालाच विजेचा पंप जोडला असेल तर पाणी चालू असतानाही शेजाऱ्यांच्या नळ्यांतून शोषण होते. पंप लावणाऱ्याला दोन बादल्या जास्त मिळतात आणि बाकीच्यांना कावीळ.

पहिले पाणी सोडून दिले तर उरलेले शुद्ध होते का? नाही. वास गेला म्हणजे विषाणू गेला असे नव्हे. गटाराचे पाणी पातळ झाले, एवढेच.

ती ट्यूब गुंडाळलेली नळी कोणाची होती? तिथल्याच एका घराची. पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याने मला समजावले की मुख्य वाहिनी सरकारी, पण तिच्यातून घरापर्यंत घेतलेली जोडणी सांभाळणे हे साधारणपणे घरमालकाचे काम असते. ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसते. पाणीपट्टी भरली की सगळे आले, असे आपण समजतो. अर्थात दुसरी बाजूही आहे. मुख्य वाहिनी फुटली, गटार तुंबले, पाण्यात क्लोरीन नसले तर ते काम नगरपरिषदेचे, नगरपंचायतीचे किंवा ग्रामपंचायतीचेच. तिथे तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा, कोणत्या नळाला कोणत्या वेळी कसे पाणी आले ते लिहावे आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पाण्याचा नमुना तपासणीला पाठवण्याची मागणीही त्यातच करावी. सार्वजनिक पाण्याचे मोल महाडकरांना नव्याने सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या चवदार तळ्याचे पाणी प्याले ते नगरपालिकेचे होते, आणि त्या हक्कासाठीचा कोर्टातला झगडा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. त्याच गावात गढूळ पाण्याबद्दल एक अर्ज लिहायचा आपण कंटाळा करतो, हे काही मला पटत नाही.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याची साधी चाचणी आहे, तिला ओ.टी. टेस्ट म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर नाही. एक लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, आणि पुरात किंवा साथीत ०.५. ही चाचणी टाकीजवळ करून उपयोग नाही, आळीतल्या शेवटच्या नळावर करायला हवी. वाटेत घाण मिसळली तर ती क्लोरीन खाऊन टाकते. त्या रविवारी आळीच्या तोंडाच्या नळाला छान पिवळा रंग आला. शेवटच्या तीन घरांत पाणी होते तसेच राहिले.

पण क्लोरीनवरही आंधळा विश्वास नको. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर आला, नदीने पात्र बदलले आणि नाल्याची घाण वझिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे आली. तिथल्या लोकांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीन वाढवलाही. विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, विषाणू तरले. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळले की तो हाच हेपॅटायटिस ‘ई’ होता. आपल्या महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीने याच आजाराची मोठी साथ पाहिली. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागात जीबीएस या लुळेपणाच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हाही संशयाचे बोट पाण्याकडेच गेले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि कच्च्या मांसातून पोटात जातो. एवढ्या मोठ्या शहराच्या वेशीवर हे होते, तर आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

म्हणून जून ते ऑक्टोबर पिण्याचे पाणी उकळाच. बुडबुडे दिसले की गॅस बंद करू नका, खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटे राहू द्या. मग त्याच भांड्यात झाकून गार करा. दुसऱ्या भांड्यात ओतून, हात बुडवून पेल्याने काढले तर सगळे श्रम वाया. ओगराळे वापरा. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. फडक्यानेही नाही. तांब्याच्या कळशीबद्दल नेहमी विचारणा होते. तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू कमी होतात हे खरे, पण काविळीच्या साथीत मी तेवढ्यावर विसंबणार नाही.

पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांत नळापेक्षा विहीर आणि झरा अधिक. तिथे टी.सी.एल. पावडरचा हिशेब प्रत्येक वाडीत एकाला तरी यायला हवा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या उंचीने गुणा, ३.१४ ने गुणून ४ ने भागा. आले तितके हजार लिटर पाणी. हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे १४ हजार लिटर भरतात, म्हणजे ३५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. तासभर कोणी पाणी भरू नये. पावडरचे पोते उघडे पडले असेल तर हा सारा हिशेब फुकट जातो. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, तो उघड्यावर उडून जातो आणि उरतो नुसता चुना. आरोग्य खाते वर्षातून दोनदा पाण्याच्या जागांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे, लाल कार्ड देते. आपल्या ग्रामपंचायतीला कोणते मिळाले हे ग्रामसभेत जरूर विचारा.

पुराचे दिवस वेगळे. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या तेव्हा माझ्या दवाखान्यात टेबल तरंगत होते, औषधांचे तर विचारूच नका. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल उपसण्यात इतके गुंतलो की अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीकडे चौथ्या दिवशी लक्ष गेले. तोवर घरात तेच पाणी वापरले जात होते. तुम्ही असे करू नका. पुराचे पाणी शिरलेली टाकी पूर्ण उपसून, गाळ काढून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून धुवा आणि पहिले भरलेले पाणी सोडून द्या. विहीर असेल तर तीही उपसून मगच पावडर टाका.

कावीळ झालीच तर काय? या काविळीला इंजेक्शन नाही. गळ्यात माळ घालून ती लांबली की कावीळ उतरली, असे मानणारे पुष्कळ आहेत. माळेची गाठ सैल होत जाते आणि यकृत आपोआप सुधारत जाते, दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात इतकेच. माळेबद्दल मी भांडत नाही. डाग देण्याबद्दल मात्र भांडतो, आणि मनाने घेतलेल्या पाल्याच्या रसाबद्दलही. विश्रांती, साधे घरचे जेवण, दारू पूर्ण बंद, तापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त येऊ लागले तर लगेच मोठे रुग्णालय गाठा. गरोदर स्त्रीच्या बाबतीत यातल्या कशाचीही वाट पाहू नका, डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी निघा. आणि “आम्ही काविळीची लस घेतली आहे” असे सांगणाऱ्यांनी कार्ड पाहावे. ती बहुधा ‘बी’ची लस असते. रक्तातून पसरणाऱ्या काविळीला ती रोखते, पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ला नाही.

त्या आळीत पुढे आणखी सहा जणांना कावीळ झाली. मी आठवडाभर आधी पत्ते पाहिले असते तर त्यातले एक-दोघे कदाचित वाचले असते. सुनेच्या बाबतीत उपयोग नव्हता, विषाणू तिच्या पोटात केव्हाच गेला होता. आळीकरांनी वर्गणी काढली, प्लंबर लावला आणि नळ्या गटारातून उचलून भिंतीवर क्लिपांनी बसवल्या. एका घराने पैसे दिले नाहीत. “इतकी वर्षे हेच पाणी पितोय, काही झाले नाही,” असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची नळी अजून गटारातूनच जाते, आणि त्यांच्यापुढे दोन घरे आहेत. त्या दोन घरांना मी बाराही महिने पाणी उकळायला सांगितले आहे.

पुढच्या आठवड्यात लेप्टोविषयी.