पालेभाजीतील नत्र आणि सूर्यप्रकाश

ठाणे, कल्याण व डोंबिवली या भागात जेथे मोकळी जमीन उरली आहे, तेथे पालक, माठ, मुळा यांसारख्या पालेभाज्या घेतल्या जातात. पीक महिना-सव्वा महिन्यात निघते व बाजार जवळच असतो. पाने लवकर वाढावीत व हिरवीगार दिसावीत म्हणून काही बागायतदार युरियाची मात्रा वाढवितात. परंतु दिलेले सर्व नत्र पिकाच्या अंगी लागतेच असे नाही. त्यासाठी ऊन लागते. हे कसे, ते पुढे दिले आहे.

नत्रापासून प्रथिन

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचा प्रथम अमोनिया होतो व जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात. मुळांनी शोषलेले नायट्रेट पानात पोहोचते. पण ते प्रथिन नव्हे, प्रथिनाचा कच्चा माल होय.

पानातील पेशींत सूक्ष्म हिरवे कण असतात. त्यांस हरितकण म्हणतात. तेथे सूर्यप्रकाशाच्या शक्तीने साखर तयार होते, हे सर्वांस ठाऊक आहे. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही तेथेच बनू लागतात, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

पेशीरसात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते हरितकणात शिरते आणि प्रकाशापासून मिळालेल्या शक्तीने त्याचा अमोनिया होतो. अमोनिया साचल्यास पेशीस अपाय होतो. म्हणून तो लगेच ग्लुटामेट या अमिनो आम्लास जोडला जातो व ग्लुटामाइन बनते. साखरेपासून आलेल्या एका आम्लाशी ग्लुटामाइनचा संयोग होऊन ग्लुटामेटचे दोन रेणू मिळतात. एक पुन्हा त्याच कामास लागतो. दुसऱ्यापासून इतर अमिनो आम्ले घडतात. ही दुसरी पायरी हरितकणात घडते, हे १९७४ साली इंग्लंडमध्ये पीटर ली व बेन मिफ्लिन यांनी दाखविले.

अशा रीतीने शक्ती व साखर या दोन्हींसाठी ऊन आवश्यक आहे. लोह, मॅग्नेशियम, गंधक व मॉलिब्डेनम ही द्रव्येही या कामी लागतात. त्यांची उणीव केवळ युरियाने भरून निघत नाही.

ऊन कमी पडल्यास

उंच इमारतींच्या सावलीतील वाफ्यांत किंवा सतत ढगाळ हवेत हे काम मंदावते. मुळे मात्र नायट्रेट शोषीतच राहतात व ते पानांत साठते. पाने हिरवी दिसतात, पण कोवळी व पाणीदार होतात आणि त्यांवर मावा लवकर पडतो. उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर झिरपून विहिरीत जाते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे.

शिजविलेली भाजी उबदार जागी फार वेळ राहिल्यास जिवाणू तिच्यातील नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. म्हणून हा प्रश्न केवळ खताच्या खर्चाचा नाही.

बागायतदारांनी काय करावे

१. दिवसाचे बरेच तास ऊन मिळेल अशीच जागा पालेभाजीसाठी निवडावी.

२. जमीन तयार करताना चांगले कुजलेले शेणखत घालावे. वरखत माती-परीक्षणानुसार व हप्त्याहप्त्याने द्यावे.

३. ढगाळ हवेत व काढणीपूर्वीच्या आठवड्यात युरिया देऊ नये.

४. सांडपाण्यातही नत्र असते. त्यात रोगजंतू व इतर घातक द्रव्येही असल्याने ते पालेभाजीस देऊ नये.

५. रात्री पानांत नायट्रेट वाढते व दिवसाच्या उन्हात ते वापरले जाते. म्हणून शक्य तेथे पहाटेऐवजी उन्हे कलल्यावर काढणी करावी. माल ढीग न करता रात्रभर गार व हवेशीर जागी ठेवून सकाळी बाजारात न्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

एकाच शेतात सारखे बियाणे व सारखे खत देऊन दोन वाफे करावेत. एक उन्हात, दुसरा भिंतीच्या सावलीत. काढणीच्या दिवशी दोहोंचे वजन शेतकऱ्यांसमोर करावे. खत सारखे असूनही उत्पन्नात पडलेला फरक पाहिल्यावर, युरियाची गोणी उन्हाची जागा घेऊ शकत नाही, हे निराळे सांगावे लागणार नाही.