दर हेक्टरी की दर एकरी? पृष्ठघनतेच्या एककांची ओळख

खताची मात्रा, बियाण्याचे प्रमाण आणि पिकाचे उत्पादन हे आकडे ‘दर हेक्टरी’, ‘दर एकरी’ किंवा ‘दर गुंठ्यास’ अशा शब्दांसह शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. पुष्कळदा आकडा ध्यानात राहतो आणि ‘दर’नंतरचा शब्द विसरला जातो. मग तोच आकडा अडीच पटींची चूक घडवून आणतो. म्हणून या एककांचा उलगडा होणे अगत्याचे आहे.

पृष्ठघनता म्हणजे काय?

एकक क्षेत्रफळावर पसरलेल्या वस्तुमानास पृष्ठघनता म्हणतात. वस्तुमानास क्षेत्रफळाने भागले असता ती मिळते. नेहमीच्या घनतेत भाजक घनफळ असते. येथे तो क्षेत्रफळ असतो. तिचे प्रमाण एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर हे होय.

शाळेत ही कल्पना कागदाच्या साहाय्याने सहज समजावता येते. ‘८० ग्रॅमचा कागद’ याचा अर्थ त्या कागदाचा एक चौरस मीटर तुकडा ८० ग्रॅम भरतो. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून सुमारे एक चौरस मीटर होतात. अर्थात एक कागद सुमारे ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रीम सुमारे अडीच किलोचे. विद्यार्थ्यांनी हा पडताळा तराजूवर घ्यावा.

क्षेत्राची मापे

एक आर म्हणजे १० मीटर लांब व १० मीटर रुंद, अर्थात १०० चौरस मीटर जमीन. १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजेच १०,००० चौरस मीटर. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये लिहिलेले असते. बोलण्यात मात्र एकर-गुंठे रूढ आहेत. एक गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि २.४७ एकरांचा एक हेक्टर होतो. गुंठा व आर यांतील फरक शेकडा एकाच्या आसपास असल्याने व्यवहारात ते जवळजवळ समान धरता येतात. एकर व हेक्टर मात्र तसे धरता येत नाहीत.

रूपांतराची रीत

अंश व भाजक यांचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे. एक ग्रॅम प्रति चौरस मीटर म्हणजे हेक्टरी १०,००० ग्रॅम, अर्थात हेक्टरी १० किलो. हेक्टरी आकड्यास २.४७ ने भागले की एकरी आकडा येतो. हेक्टर मोठा असल्यामुळे हेक्टरी आकडा नेहमी एकरी आकड्याहून मोठा असतो. उत्तर याच्या उलट आल्यास गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झाली असे समजावे.

एखाद्या पिकास हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे असे समजू. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. १०० ला ०.४६ ने भागल्यास हेक्टरी सुमारे २१७ किलो युरिया लागतो. तोच एकरी सुमारे ८८ किलो, गुंठ्यास २.२ किलो आणि चौरस मीटरला सुमारे २२ ग्रॅम होतो. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे. म्हणून एकरी दोन गोण्यांना किंचित कमी. हेक्टरी मात्रा एकरी समजून टाकल्यास जवळजवळ पाच गोण्या पडतील. पैसा वाया जाईल, पीक माजून लोळेल आणि जादा नत्र झिरपून विहिरीच्या पाण्यात उतरेल. उलट, एकरी मात्रा हेक्टरभर पुरविल्यास पिकास गरजेच्या जेमतेम शेकडा ४० भाग खत मिळेल.

पीक कापणी प्रयोग

पैसेवारी व पीक विमा यांच्या हिशेबात पीक कापणी प्रयोगांतील उत्पादन विचारात घेतले जाते. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्यातून ६ किलो धान्य मिळाले, तर ६ भागिले ५० म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम, अर्थात हेक्टरी १२ क्विंटल. एकरी हेच उत्पादन सुमारे ४.८६ क्विंटल होते. वजनात अर्ध्या किलोची चूक झाली तरी हेक्टरी एक क्विंटलाचा फरक पडतो. म्हणून मोजणी व तोलणी पंचांसमक्ष काळजीपूर्वक व्हावयास हवी.

ग्रामपंचायतीच्या फलकावर खताची शिफारस लिहिताना आकड्याशेजारी ‘हेक्टरी’, ‘एकरी’ व ‘गुंठ्यास’ असे तीन रकाने ठेवावेत, आणि नत्राचे प्रमाण लिहिले आहे की युरियाचे, हेही स्पष्ट नोंदवावे. एवढी दक्षता घेतल्यास शिफारस शेतात योग्य मात्रेने पोहोचेल.